प्रोस्टेट वाढलंय, पण मोठं ऑपरेशन नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला ओपीडीत रोज ऐकू येतात. काही जण थेट विचारतात, काही जण बायकोला औषधं आणायला बाहेर पाठवून मग विचारतात. गेल्या काही वर्षांत त्यांत भर पडली ती मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओंची: वाफेने जाळतात म्हणे, क्लिपा बसवतात म्हणे, हातातल्या नसेतून करतात म्हणे. यातलं बरंचसं खरं आहे. ते कुणासाठी खरं आहे, एवढाच वाद आहे.

प्रोस्टेट वाढणं म्हणजे नेमकं काय? हा कॅन्सर तर नाही?

नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती कडं करून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असते. चाळिशीनंतर तिचा आतला भाग हळूहळू वाढायला लागतो. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ही वाढ सापडते. कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात होतो. एक दुसऱ्यात बदलत नाही, पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात. म्हणून पीएसएची (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची) रक्ततपासणी आणि गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी टाळू नका. दुसरीला लोक फार लाजतात. अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

सोनोग्राफीत ५५ ग्रॅम आलंय. ऑपरेशन करावंच लागेल का?

या आकड्यावरून सगळं घर घाबरतं. पण ९० ग्रॅमचं प्रोस्टेट घेऊन मजेत फिरणारे लोक मी बघतो आणि ३५ ग्रॅमवर लघवी तुंबून रात्री दोन वाजता आलेलेही. ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढली तर फारसं अडत नाही. आतल्या बाजूला किंवा मधला भाग मूत्राशयात उंचावून वाढला, तर थोड्या वाढीनेही दार बंद होतं.

त्रास मोजायला सात प्रश्नांचा एक तक्ता आहे, एकूण गुण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. शेवटी आठवा प्रश्न असतो, त्याचे गुण वेगळे: उरलेलं आयुष्य लघवीची हीच तक्रार घेऊन काढायचं म्हटलं तर कसं वाटेल? माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. एका निवृत्त एसटी ड्रायव्हरने सात प्रश्नांना ‘चालतंय की’ म्हणत उत्तरं दिली आणि आठव्याला गप्प बसले. मग म्हणाले, “डॉक्टर, नातीच्या लग्नात मी मांडवात बसलोच नाही. संडासाच्या जवळची खुर्ची धरून होतो.”

दुसरी गोष्ट म्हणजे यूरोफ्लो. नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची, यंत्र धारेचा वेग मोजून आलेख काढतं. चांगल्या धारेचा आलेख कळसूबाईसारखा, एक सरळ शिखर. अडलेल्या धारेचा कास पठारासारखा: बसका, लांबलचक, संपता संपत नाही. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर बहुधा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शंका घट्ट होते. मात्र निदान १५० मिली लघवी झालेली असली पाहिजे. ‘लागलीच नव्हती पण केली’ असल्या आलेखावर निर्णय घेऊ नये. त्यानंतर सोनोग्राफीत मूत्राशयात किती लघवी मागे उरते, ते बघतात. ग्रॅमपेक्षा हे दोन आकडे जपून ठेवा.

गोळ्यांवर भागणार नाही का?

पुष्कळांचं भागतं, आणि भागत असेल तर हे पान इथेच बंद करा. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या गोळ्या तोंडाशी आवळलेला स्नायू सैल करतात. आठवड्याभरात फरक जाणवतो. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात आणि ग्रंथी मोठी असेल तरच त्यांचा खरा उपयोग. या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी पीएसए जवळपास निम्मं होतं. रिपोर्टवर २ दिसलं तर ते ४ समजून वाचायचं असतं. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर गोळीचं नाव सांगायला विसरू नका.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: पहिल्या गटातली गोळी घेत असाल आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. या गोळ्यांनी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस) लुळा पडू शकतो आणि ऑपरेशन अवघड होतं.

रात्री चारदा उठावं लागतं. छोट्या उपचाराने ते थांबेल?

कदाचित नाही. रात्रीच्या लघवीचं खापर प्रोस्टेटवर फुटतं, पण मधुमेह, पायांची सूज, घोरण्याचा आजार, संध्याकाळची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, जेवणानंतरचं तांब्याभर ताक, यांतलं काहीही कारण असू शकतं. तीन दिवस मोजपात्रात लघवी मोजून वहीत लिहा. दिवसरात्रीतल्या एकूण लघवीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग झोपेच्या वेळात होत असेल, तर शरीरच रात्री जास्त लघवी बनवतंय. दार रुंद केल्याने ती कमी होणार नाही.

कमीत कमी चिरफाडीचे उपचार म्हणजे नक्की कोणते? लेसर त्यातच येतं का?

इथे शब्दांचा घोळ आहे. आपल्याकडे ज्याला ‘दुर्बिणीतून’ म्हणतात, त्यातही पोटावर टाका नसतोच. लघवीच्या मार्गानेच जातात. त्या अर्थाने सगळंच बिनचिरफाडीचं. पण युरॉलॉजिस्ट जेव्हा हा शब्द वापरतात, तेव्हा त्यांच्या मनात असे उपचार असतात ज्यांत ग्रंथी कापून काढत नाहीत, पूर्ण किंवा कमरेखालची भूल बहुधा लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. वाफेचा उपचार, इम्प्लांट लावून नळी उघडणं, तात्पुरती जाळी आणि रक्तवाहिनी बंद करणं हे त्यात येतात. लेसरने ग्रंथी सोलून काढणं हे पुरतं ऑपरेशन आहे. उत्तम ऑपरेशन आहे, पण ऑपरेशन.

वाफेचा उपचार कसा करतात?

याचं यंत्र रेझूम नावाने ओळखलं जातं. अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली. दुर्बिणीच्या टोकातून बारीक सुई ग्रंथीत जाते आणि प्रत्येक ठिकाणी ९ सेकंद पाण्याची वाफ सोडते. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता पेशींना मिळते आणि त्या मरतात. अख्खं काम दहा-पंधरा मिनिटांचं.

आता त्याची दुसरी बाजू. मेलेल्या पेशी लगेच नाहीशा होत नाहीत. आधी ग्रंथी सुजते, म्हणून काही दिवस मूत्राशयात घातलेली नळी (कॅथेटर) आणि पिशवी घेऊन घरी जावं लागतं. शरीर हळूहळू तो भाग शोषून घेतं. फरक दोन आठवड्यांनंतर दिसायला लागतो, पुरता फायदा तीन महिन्यांच्या सुमारास. पहिले दोन आठवडे जळजळ, घाई, मधूनच लालसर लघवी. याच काळात लोक मला फोन करून म्हणतात, “होतं तेच बरं होतं.” आधी सांगितलेलं असतं, तरी म्हणतात. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीवर याची मुख्य चाचणी झाली. मधला भाग वाढलेला असेल तरी करता येतं, ही याची जमेची बाजू.

क्लिपा लावतात तो प्रकार काय?

यूरोलिफ्ट. खिडकीचा पडदा बाजूला ओढून खुंटीला अडकवावा, तसं ग्रंथीचे दोन्ही बाजूंचे फुगवटे ओढून बारीक इम्प्लांटने बांधतात. साधारण चार-पाच लागतात. काही कापत नाहीत, जाळत नाहीत. त्यामुळे फरक लवकर जाणवतो आणि पुष्कळांना नळीही एखाद्या दिवसापलीकडे लागत नाही. इम्प्लांट महाग असतात आणि जितके लागतील तितकं बिल वाढतं, तेव्हा ‘किती लागतील’ हे आधी विचारा. फार मोठ्या ग्रंथीला हे चालत नाही. मधला भाग मूत्राशयात उभा असेल तर मी तरी सुचवत नाही. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर आत धातू आहे हे सांगायचं.

तात्पुरती जाळी आणि पाण्याचा झोत?

पहिलीचं नाव आय-टिंड. तारेची छोटी चौकट घडी करून आत ठेवतात, ती उमलते, ५ ते ७ दिवस दाबून खाचा पाडते आणि मग काढून घेतात. लहान-मध्यम ग्रंथीसाठी.

पाण्याचा झोत म्हणजे अ‍ॅक्वाअब्लेशन. सोनोग्राफीवर डॉक्टर नकाशा आखतात आणि यंत्रमानव जोरदार झोताने तेवढाच भाग कोरतो. उष्णता नसते आणि वीर्याचा मार्ग राखता येतो. पण भूल लागते, मुक्काम लागतो आणि पहिल्या दिवशी रक्तस्रावावर डोळा ठेवावा लागतो. याला ‘छोटं’ म्हणणं धाडसाचं आहे.

हातातल्या नसेतून करतात, ते खरं?

खरं आहे, आणि ते युरॉलॉजिस्ट करत नाहीत. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. अँजिओग्राफीसारखी मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून प्रोस्टेटच्या धमन्यांपर्यंत जातात आणि सूक्ष्म मणी सोडून रक्तपुरवठा अडवतात. ग्रंथी हळूहळू आकसते. भूल फक्त सुई टोचतात तिथे. लघवीच्या मार्गाला हातही लागत नाही, त्यामुळे फार मोठी ग्रंथी, कमकुवत हृदय, भूल झेपणार नाही असा माणूस, यांच्यासाठी हा विचार करण्यासारखा मार्ग आहे. लघवीतून सतत रक्त जात असेल तर विशेष.

अडचणी: वयानुसार धमन्या वेड्यावाकड्या आणि चुन्याने कडक झालेल्या असतात, तिथे नळी पोचतच नाही. रंगद्रव्य द्यावं लागतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) आधी बघायचं. आणि धारेचा वेग दुर्बिणीच्या ऑपरेशनइतका सुधारत नाही.

म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन आता जुनं झालं?

अजिबात नाही. पोट उघडून प्रोस्टेट काढायची पद्धत पीटर फ्रेयर या सर्जनने १९०० साली लंडनमध्ये गाजवली. त्याआधी ते आपल्याकडेच, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, मूत्राशयातले खडे फोडण्यात नाव कमावून गेले होते. नंतर दुर्बीण आली आणि टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीतून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढणं, हे सगळ्यांना मोजायचं माप झालं. अजूनही नव्या उपचाराची चाचणी करताना तुलना बहुधा तिच्याशीच होते.

टीयूआरपी आणि होलेप (होल्मियम लेसरने ग्रंथी सोलून काढणं) यांतला फरक मी नारळावरून सांगतो. टीयूआरपी म्हणजे खवणीवर नारळ खवणं: आतून कीस काढत काढत करवंटीच्या दिशेने जायचं. होलेप म्हणजे सुरी फिरवून खोबऱ्याची अख्खी वाटी करवंटीपासून सोडवणं. मग ती मूत्राशयात ढकलून, तिथे बारीक करून शोषून घ्यायची. ही पद्धत १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग यांनी विकसित केली. ग्रंथी १०० ग्रॅमची असो वा १८०, चालतं. सगळा वाढलेला भाग निघत असल्याने पुन्हा ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. काढलेला तुकडा तपासणीलाही जातो, जे वाफेत किंवा क्लिपांत होत नाही. शिकायला मात्र कठीण आहे. ‘महिन्याला किती होलेप करता?’ हा प्रश्न उद्धट नाही, विचारा. पहिले काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, खोकताना थेंब गळतात, बहुतेकांचे ते थांबतात.

मग छोट्या उपचारानंतर पुन्हा करावं लागतं?

काहींना, हो. अमेरिकेतल्या मुख्य चाचण्यांत पाच वर्षांत क्लिपांच्या गटातल्या सुमारे १४ टक्के लोकांना आणि वाफेच्या गटातल्या सुमारे ४ टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रियेचा उपचार घ्यावा लागला. दोन्ही चाचण्या वेगळ्या, माणसं वेगळी, म्हणून आकडे समोरासमोर ठेवून भांडू नये. पण पंचावन्नाव्या वर्षी करणाऱ्याने पुढची पंचवीस वर्षं डोळ्यासमोर ठेवावीत. ऐंशीव्या वर्षी करणाऱ्याचं गणित वेगळं.

(हळू आवाजात) वैवाहिक आयुष्यावर परिणाम होतो का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. ताठरतेवर यांतल्या कुठल्याही उपचाराचा सहसा मोठा परिणाम होत नाही. वीर्यावर होतो. टीयूआरपीनंतर साधारण तीनांतल्या दोघांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. होलेपनंतर हे प्रमाण त्याहून जास्त. सुख जाणवतं, अपाय काही नाही, पण अजून मूल हवं असेल तर हा मोठा प्रश्न आहे. आणि मूल नको असलं तरी काहींच्या मनाला ते लागतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. क्लिपांमध्ये हा धोका जवळपास नाही, वाफेत कमी. सिलोडोसिनच्या गोळीनेही असं होतं, पण गोळी बंद केली की पूर्ववत.

हृदयाला स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. काय करू?

गोळी स्वतःहून बंद करू नका, एवढं पहिलं. ‘ऑपरेशन आहे म्हणून चार दिवस थांबवली’ आणि मग हृदयविकाराचा झटका, हे मी बघितलं आहे. कोणती गोळी थांबवायची आणि किती दिवस, हे हृदयाचे डॉक्टर आणि युरॉलॉजिस्ट मिळून ठरवतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत टीयूआरपीपेक्षा होलेप किंवा ग्रीन लेसर (यात आतला भाग लेसरच्या उष्णतेने उडवतात) बरं पडतं.

बाबा ७८ वर्षांचे. लघवी अडकून नळी घातली, दोनदा काढून बघितली, होत नाही. वाफेने होईल का?

याचं उत्तर द्यायला मला प्रोस्टेटपेक्षा मूत्राशयाची जास्त माहिती हवी. मूत्राशय हा स्नायू आहे. अरुंद दारातून वर्षानुवर्षं ढकलून आधी तो जाड होतो, मग थकतो, शेवटी सैल पिशवी होते. ज्यांचं ‘थेंब थेंब होतंय पण चाललंय’ असं पाच वर्षं चालतं, त्यांच्यात हे मला दिसतं. शांतपणे साठत राहणाऱ्या लघवीचा दाब वर जाऊन किडन्याही सुजतात आणि दुखत नाही म्हणून कळत नाही.

सुरुवातीच्या काळात मी अशाच एका आजोबांना, नळी नकोच म्हणतात म्हणून, मूत्राशयाच्या दाबाची तपासणी न करता छोट्या उपचारासाठी घेतलं. दार नीट उघडलं. पण आतून ढकलायला जोर उरला नव्हता. नळी गेली नाही. चूक माझी होती आणि पैसे त्यांचे गेले होते. तेव्हापासून बराच काळ नळीवर असलेल्या, मधुमेह किंवा पार्किन्सन असलेल्या माणसाची ही दाबाची (यूरोडायनॅमिक) तपासणी मी आधी करून घेतो. मूत्राशयात जोर असेल, तर बाबांसाठी दार पूर्ण मोकळं करणारा उपचार बहुधा जास्त खात्रीचा. भूल झेपणार नसेल, तर वाफ किंवा रक्तवाहिनीचा मार्ग.

जाता जाता: सर्दीची गोळी घेऊन लघवी अडकलेले लोक दर थंडीत येतात. नाक सुकवणारी औषधं दारही आवळतात. दुकानातून घेताना प्रोस्टेटचं सांगा.

आयुर्वेदिक काढा, सॉ पाल्मेटो, भोपळ्याच्या बिया?

सॉ पाल्मेटो मोठ्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. बिया खा, चविष्ट असतात. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि उरणारी लघवी व क्रिएटिनिन तपासत राहा.

विमा मिळतो का?

मेडिक्लेममध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी बहुधा पहिली दोन वर्षं प्रतीक्षेची असतात. कागद बाहेर काढून ती तारीख आधी बघा. ग्रीन लेसर आणि होल्मियम लेसर विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, म्हणून ते सरसकट नाकारता येत नाहीत. पण पुष्कळ पॉलिसींत त्यांना वेगळी मर्यादा असते. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विम्याच्या रकमेच्या निम्मी आहे. वाफ आणि क्लिपांसाठी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) आधी लेखी मंजुरी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ला अर्थ नाही. महात्मा फुले योजनेचं कार्ड असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

उपचारानंतर पीएसए करायची गरज उरते का?

उरते. आतला भाग गेला किंवा आकसला, तरी कॅन्सर होऊ शकणारा बाहेरचा भाग जागेवरच असतो. होलेपनंतर पीएसए खूप खाली येतं; तो नवा आकडा तुमचा. पुढे तो वाढत गेला तर ‘नॉर्मलच्या आत आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

वारीला, गावाला, गाडीवर कधी जाता येईल?

क्लिपांनंतर आठवड्याभरात बहुतेक जण कामाला लागतात. वाफेनंतर नळी निघाल्यावर, पण लांबच्या प्रवासाला महिनाभर तरी थांबा. टीयूआरपी आणि होलेपनंतर चार ते सहा आठवडे मोटारसायकल, सायकल, पोती उचलणं आणि कुंथणं बंद. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतली खपली सुटते आणि अचानक लाल लघवी होते. घाबरू नका, पाणी वाढवा, आराम करा. गाठी पडायला लागल्या, धार बंद झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट न बघता रुग्णालयात या. आषाढीची वारी करायची असेल तर ऑपरेशन फाल्गुन-चैत्रात उरकून घ्या, ज्येष्ठात नको.